फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी कालनिर्णय बघा

नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी ठाण्याच्या खाडीत असतात. पण ओहोटीच्या वेळी गेलात तर दूर चिखलात गुलाबी ठिपके तेवढे दिसतात. भरतीला चिखल बुडतो आणि थवे नवी मुंबईत नेरुळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीत येतात. गाठायचं ते तेव्हा.

भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशोब:

१. कालनिर्णयात तिथी बघा.
२. तिथीची पाऊणपट करा. दशमी म्हणजे साडेसात, द्वादशी म्हणजे नऊ. शुक्ल असो वा वद्य, फरक नाही. सकाळ-संध्याकाळ साधारण तीच वेळ.
३. त्याआधी तासभर तिथे पोहोचा. थवे उतरताना बघण्यातच खरी मजा.

एकादशी ते त्रयोदशीचा रविवार मिळाला तर सोनंच. भरती सकाळी उन्हाआधी येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं, तेव्हा फार आशा नको.

हार्बर लाइनच्या लोकलने सीवूड्स-दारावे स्टेशन, पुढे रिक्षा. नाश्ता स्टेशनजवळच उरका, पाणथळीपाशी टपरीच्या भरवशावर राहू नका.

हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. ऐरोलीहून बोटीने जाणार असाल तर वेळ तिथूनच विचारून घ्या. आणि फोटोसाठी चिखलात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो.