पद्मिनी सांभाळताय? मग या चुका टाळा

मे महिना, दुपारचे दोन, पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट. तिसऱ्या वळणावर आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीने आचके दिले आणि ती उभी राहिली. सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकड घेत नव्हतं. बॉनेट उघडून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला हात लावला तर चटका बसला. पाण्याच्या बाटलीने फडकं भिजवलं, पंपावर गुंडाळलं, पंधरा मिनिटं सावलीत थांबलो. मग गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली आणि घरापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी पंप पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "दादा, जुना पंप कुठाय?"

जुना पंप मी दोन महिन्यांपूर्वी भंगारात दिला होता. त्यातून थेंब थेंब पेट्रोल गळायचं, म्हणून एका गॅरेजात नवा बसवून घेतला. पंप आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक जाड ठोकळा असतो. नवा पंप बसवताना तो ठोकळा काढून साधं पातळ पॅकिंग लावलं गेलं होतं. त्यामुळे ब्लॉकची सगळी धग थेट पंपात जात होती आणि चढाला आतल्या पेट्रोलची वाफ होत होती. शिवाय पातळ पॅकिंगमुळे पंपाचा दांडा जास्त आत ढकलला जाऊन दाब वाढला होता, म्हणून कार्बोरेटर वरून भरून वाहायचा. जुन्या पंपाचं दुखणं फक्त फाटलेल्या डायफ्रॅमचं, म्हणजे आतल्या लवचिक पडद्याचं होतं. डायफ्रॅमचं किट मिळालं असतं, तर तोच पंप आणखी कितीतरी वर्षं चालला असता.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: काढलेला कुठलाही भाग गॅरेजात सोडून येऊ नका. तो तुटलेला असला, झिजलेला असला, तरी घरी आणा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनत होती, १९७४ पासून तीच पद्मिनी झाली. ही गाडी बनणं कधीच बंद झालं. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोवर दुकानदार माल भरून ठेवायचे, कारण रोज गिऱ्हाईक होतं. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. आता तुमच्या हातातला झिजलेला भाग हाच नमुना आहे. लेथवाल्याला बुश, म्हणजे दांड्याभोवतीची बाही, करून द्यायचा असेल, तर तो माप कशावरून घेणार?

आणि बरंच काही दुरुस्त होतं, हे लक्षात ठेवा. ब्रेक शूवर नवे लायनर बसतात. क्लच प्लेटला नवं अस्तर लागतं. ब्रेकच्या व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील, तर स्लीव्ह घालून तो पुन्हा मूळ मापाला येतो. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची जाळी बदलून मिळते. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, गाडीचं नावही सांगू नका. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. हे भाग "फियाटचे" म्हणून मागितले की "बंद झाले" असं उत्तर येतं, मापाने मागितले की काउंटरवर येतात. हे कळायला मला फार उशीर लागला.

जे खरंच फक्त या गाडीचं आहे, म्हणजे काचा, रबर बीडिंग, दाराची कुलुपं, ग्रिल, टेल लॅम्प, त्यासाठी मात्र हिंडावं लागतं. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, लांब जायची तयारी असेल तर दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार. जाताना जुना भाग सोबत न्या. फोटो पुरत नाही, पद्मिनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांमध्ये बारीक फरक आहेत. आणि दिसेल ते घेऊन ठेवू नका. बंद डब्यात पडून राहिलेलं रबर न वापरताही कडक होतं. तीस वर्षं जुनी, सीलबंद ब्रेक किट ही ओरिजिनल असली तरी निकामी समजा.

एका वेळी एकच गोष्ट बदला

गाडी मिसिंग करते, म्हणजे आचके खाते म्हटलं की ठिणगीचे भाग असलेले पॉइंट, कंडेन्सर, प्लग, कॉइल आणि वर कार्बोरेटर किट असं सगळं एका दिवसात बदलायची घाई होते. गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर नव्या पाचपैकी कुठला भाग खराब ते कळत नाही. आणि आजकाल मिळणाऱ्या डुप्लिकेट कंडेन्सरची खात्री देता येत नाही, त्यामुळे "नवाच तर घातलाय" हे वाक्य मनातून काढून टाका.

आधी एवढंच ठरवा: पेट्रोल येत नाही की करंट येत नाही? पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारायला सांगा. पिचकाऱ्या यायला हव्यात. मग पाइप घट्ट बसवा, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या, आणि त्यानंतरच प्लग काढून ब्लॉकला टेकवून ठिणगी बघा. निळसर, टणटणीत ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंट आणि कंडेन्सरकडे वळा. या दोन तपासण्या कधीही एकत्र करू नका.

दिवे मंद, हॉर्न घोगरा, सेल्फ जड, असं एकदम सगळं दिसलं तर बॅटरी बदलण्याआधी इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी सोडा, दोन्ही टोकं घासून चकचकीत करा आणि परत आवळा. बरेचदा दुखणं तिथेच असतं.

पेट्रोल भरून महिनोन्‌महिने उभी ठेवणं

प्रेमापोटी होणारी ही चूक आहे. गाडी जपायची म्हणून ती बाहेरच काढायची नाही. पण आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की ते पाण्यासकट तळाशी बसतं आणि पत्र्याच्या टाकीला आतून गंज चढतो. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम फुगतात, चिरतात. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात येऊन अडकतो.

माझा उपाय साधा आहे. सगळे पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटॉन रबराचे केले. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवला, त्यात तांबूस गाळ दिसला की टाकी उतरवून धुवायची. दर आठ-दहा दिवसांनी गाडी किमान अर्धा तास रस्त्यावर फिरवतो. उभ्या जागी पाच मिनिटं चालू करण्याचा उपयोग नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो कुजतो. पावसाळ्यात दोन-तीन महिने हलणारच नसेल, तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करतो.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर: प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट बांधू नका. आत ओलावा कोंडतो, तोच पत्रा खातो. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दाराखालचा पत्रा, फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा कुजल्या तर गाडीचा कणाच गेला. दारांच्या तळाची पाणी निघायची भोकं दर पावसाळ्याआधी तारेने मोकळी करा. गंजावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून घेणं म्हणजे जखमेवर पट्टी बांधून आत पू ठेवणं. पत्रा कापून नवा वेल्ड करा, मगच रंग.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, काढायची पद्धत सगळीकडे आहे. याने खरं कारण झाकलं जातं आणि इंजिन गार राहून पेट्रोल पितं, सिलिंडरचा बोअर झिजतो. बोअरवेलचं पाणी घातल्याने रेडिएटर आणि ब्लॉकमध्ये क्षार बसलेले असतात, तेच आधी साफ करा. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदला, कारण तेही ओलावा ओढतं. पेडल मऊ लागलं की गाडी त्या दिवशी बाहेर काढू नका.

कागदांचं थोडक्यात: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. मुदत संपायच्या तीन महिने आधी कामाला लागा. इंजिन बदललं असेल तर आरसीवर नोंद आहे का ते बघा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी व्हीए मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण मग ती रोजच्या वापरात चालत नाही. रोज फिरवायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

शेवटची चूक मी वेळेवर सुधारली. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले, हेल्पर मोबाइलच्या दुकानात गेला. स्टीअरिंगवरचा गिअर दोन गिअरांच्या मध्ये अडकला की ते बॉनेट उघडून लिंकेजचे दोन दांडे हाताने समेवर आणतात, ते मी नुसता बघत असे. आता त्यांच्याशेजारी वही घेऊन बसतो. टॅपेटचं माप, पॉइंटचा गॅप, कुठला बोल्ट कुठल्या पान्याने, कुठला उलट्या आट्याचा. मागच्या रविवारी त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावून पानं चाळली आणि गिअर लिंकेजच्या चित्रात माझा एक बुश राहिला होता, तो पेन्सिलने काढून दिला.