घरात गरोदर बाई असेल तर साथ यायच्या आधी करून ठेवायची तयारी

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या साथीत, माझ्या वैनीला सातवा महिना चालू होता, खोकला होता आणि जिना चढून आली की धापा टाकायची, आम्ही सगळे म्हणायचो पोट वाढलंय, दम लागणारच, आईपण म्हणाली, मीपण म्हणाले. तिसऱ्या दिवशी शेजारून ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) आणून लावलं तर ९२. म्हणून माझ्या यादीत पहिलं ऑक्सिमीटर, सोबत थर्मामीटर आणि जादाचे सेल. बोटाला नेलपॉलिश असेल तर ती आधी पुसायची (वैनीच्या बोटांवर डोहाळजेवणाची गडद लाल तशीच होती, आम्ही घाईघाईत नखानेच खरवडली), पाच मिनिटं शांत बसायचं, मग लावायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. साथीत ताप-खोकला असला की सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं, ९५ च्या खाली गेलं की वाट न बघता डॉक्टरला फोन. जिना चढल्यावर लागलेला दम बसलं की शांत होतो, पण बसल्याजागी दम लागतोय, एक वाक्य सलग बोलता येत नाहीये, छातीत दुखतंय, गुंगी येतेय, ओठ निळसर दिसतायत किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय तर आकडा चांगला असला तरी निघायचंच.

हे पोटुशीलाच जास्त का, तर पोट वाढतं तसा श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, फुफ्फुसाला जागा कमी उरते आणि ऑक्सिजन तर नेहमीपेक्षा जास्त लागतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत आणि नंतर करोनातही गरोदर बायकांना आयसीयू लागायचं प्रमाण जास्त दिसलं, करोनात दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचंही.

दुसरं, हॉस्पिटल आत्ताच ठरवा. आम्हाला एका ठिकाणी बेड नाही म्हणाले, दुसरीकडे ऑक्सिजन होता पण डिलिव्हरीची सोय नव्हती, रिक्षात वैनी आणि आम्ही नुसतं फिरतोय. म्हणून आधीच विचारून ठेवा की ऑक्सिजन, सिझर आणि कमी दिवसांच्या बाळाची काचपेटी एकाच ठिकाणी आहे का, आणि नाही म्हणाले तर दुसरं कुठलं. १०८ आणि १०२ हे अँब्युलन्सचे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, शिवाय रात्री दोनला उठून येईल असा एक रिक्षावाला सांगून ठेवा. अक्कलकोट, बार्शीकडून सोलापूरला यायचं असेल तर अजून लवकर निघायचं, कारण रस्त्यातच तास जातो.

पिशवीत फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, सोनोग्राफीचे रिपोर्ट, मास्क, चार्जर, बाळाचे धुतलेले कपडे. रक्तगट कार्डावर लिहिलाय का ते आज बघा.

लसीचं डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ते विसरतील. फ्लूची इंजेक्शनची लस गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात चालते. करोनाच्या लसीला आपल्याकडे गरोदर बायकांसाठी २ जुलै २०२१ ला परवानगी मिळाली, वैनीला त्याचा उपयोग नाही झाला (आठ दिवस ऑक्सिजनवर होती बिचारी, पण दोघं सुखरूप आहेत, पोरगा आता शाळेत जातो).

ताप आला तर अंगावर काढू नका, पॅरासिटामॉल चालते, डोस डॉक्टरांना विचारून. पण अंग दुखतंय म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली कॉम्बिफ्लाम घेऊ नका, त्यात आयबुप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध असतं, पाचव्या महिन्यानंतर तर नकोच. फ्लू असेल तर त्याचं औषध पहिल्या ४८ तासांत जास्त काम करतं, म्हणून दोन दिवस काढा पिऊन बघू असं करू नका. लोहाच्या गोळ्या आणि बीपीची तपासणी साथ असली तरी चुकवायची नाही.

घरात खिडकीची एक खोली तिला द्या. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय होत नाही, पण कूलर लावून खिडक्या बंद करू नका. पाणी रोज येत नसेल तर हात धुवायला एक वेगळा पिंप भरून ठेवा. विडी वळत असाल तर तंबाखूची पाटी तिच्या खोलीतून बाहेर, आणि यंत्रमागावरून आलेल्या माणसाने हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच तिच्याजवळ जायचं. ओटी भरायला येणाऱ्या बायका कमी बोलवा, अंगणात बसवा, सासूबाई नाराज झाल्या तर नवऱ्याने समजवायचं, तिने नाही.

आणि बाळंतपणानंतर आईला लागण झाली तरी दूध तोडायचं नाही. हात साबणाने धुऊन, मास्क लावून पाजायचं, पहिला चीक तर नक्कीच, आणि पाजून झालं की बाळ घरातल्या बऱ्या माणसाकडे द्यायचं. ते माणूस कोण, हेही आत्ताच ठरवून ठेवा, आमच्याकडे ऐनवेळी आईलाच ताप होता.