नव्या परिचारिकेला चूक दाखवताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी आमच्या मेडिसिन वॉर्डात नुकत्याच रुजू झालेल्या एका अधिपरिचारिकेने सकाळपाळीत हृदयविकाराच्या एका रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी केली आणि इनटेक-आउटपुट चार्टवर, म्हणजे रुग्णाच्या शरीरात किती द्रव गेला आणि किती बाहेर पडला याच्या तक्त्यावर, माप लिहायचे तिच्याकडून राहून गेले. राउंडला डॉक्टरांनी चार्ट मागितला, रकाना कोरा दिसला आणि ज्येष्ठ परिचारिका या नात्याने मी नातेवाइकांसमोरच तिला विचारले, ‘‘एक आकडा लिहायला किती वेळ लागतो?’’ ‘‘मी लिहिणारच होते मॅडम, पण तेवढ्यात दोन ॲडमिशन आली,’’ असे ती म्हणाली आणि मला ते उलट उत्तर वाटले. पुढचे तीन दिवस तिच्या पाळीतला चार्ट अगदी व्यवस्थित भरलेला असे. दर दोन तासांनी १०० मिली, पुन्हा १०० मिली, मग १२० मिली. चौथ्या दिवशी पाळी संपताना मी स्वतः पिशवी मोजली, तेव्हा चार्टवर ३२० मिली आणि पिशवीत जेमतेम १५० मिली होते. ज्या आकड्यावरून लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या औषधाचा डोस कमी-जास्त होतो, तो आकडा तिने बोलणी टाळण्यासाठी अंदाजाने लिहिला होता.

नवीन मुली काही ऐकूनच घेत नाहीत, लगेच बचाव करतात, अशी तक्रार करणाऱ्या सहकाऱ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगते. कोऱ्या रकान्यावरून काम राहिले आहे हे निदान कळते, खोट्या आकड्यावरून काहीच कळत नाही. आपण चूक कशी दाखवतो यावरून समोरची व्यक्ती पुढची चूक आपल्याला सांगणार की झाकणार हे ठरते, आणि खालच्या प्रत्येक चुकीचा विचार मी याच एका कसोटीवर केला आहे.

बचावाला उद्धटपणा समजणे

‘‘पण तेवढ्यात दोन ॲडमिशन आली’’ या वाक्यात खरी माहिती होती. त्या सकाळी ती एकटी किती रुग्ण पाहत होती, हे मी विचारले असते तर मूळ दोष कामाच्या वाटपातही सापडला असता. नव्याने रुजू झालेली परिचारिका अनेकदा कंत्राटी किंवा बंधपत्रित (ठरावीक काळ सेवा देण्याचे बंधपत्र दिलेली) असते, तिची नेमणूक पुढे चालू राहील की नाही हे तिला ठाऊक नसते, आणि शिकत असताना चूक झाली की बोलणी खायची एवढाच अनुभव तिच्या गाठीशी असतो. अशी व्यक्ती सूचना ऐकताच आधी स्वतःला सावरते. तिचे कारण पूर्ण ऐकून घ्यावे, त्यात तथ्य असेल तर तसे मोकळेपणाने म्हणावे आणि मगच मुद्द्यावर यावे: ‘‘दोन ॲडमिशन एकदम आली हे खरे. अशा वेळी माप निदान हातावरच्या टिपणात कसे राहील, ते आपण ठरवू या.’’ कारण मान्य केल्याने चूक माफ होत नाही. फक्त बोलणे वादात न अडकता पुढे सरकते.

याच्या जोडीला आणखी एक गैरसमज येतो. ‘‘तुला दिसत नाही का?’’ असे आपण सहज म्हणतो, पण पुष्कळदा तिला खरोखरच दिसत नसते. परिचर्येच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात नवशिकी ते निष्णात असे पाच टप्पे मांडले. नवशिकी परिचारिका शिकवलेल्या नियमांच्या आधाराने चालते आणि निष्णात परिचारिकेला परिस्थिती एकदम, एकसंध दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णाच्या कपाळावरचा गार घाम पाहून, साखर उतरली असावी या शंकेने आपण ती तपासायला धावतो, तेव्हा नवी परिचारिका औषधांच्या वेळा पाळण्यात गुंतलेली असते. तिला टोमणा मारण्यापेक्षा आपण काय पाहिले आणि त्यावरून काय ताडले, हे मोठ्याने सांगितले तर ती ते शिकते.

रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासमोर बोलणे

हे टाळावे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सर्वाधिक घडते तेही हेच, कारण वॉर्डात निवांत जागा अशी नसतेच. तरीही ड्रेसिंग रूम, औषधांच्या कपाटामागचा कोपरा किंवा जिन्याचे वळण एवढे तरी मिळतेच. नातेवाइकांसमोर बोलणी खाल्लेल्या सिस्टरवर त्या खाटेचा विश्वास राहत नाही, आणि पुढचे इंजेक्शन द्यायला ती गेली की नातेवाईक ‘‘मोठ्या सिस्टरना बोलवा’’ म्हणतात.

याला एकच अपवाद आहे. रुग्णाला त्याच क्षणी इजा होणार असेल, तर तिथल्या तिथे थांबवलेच पाहिजे. आपल्याकडे इन्सुलिनच्या ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही क्षमता वापरात असल्यामुळे हा प्रसंग कधीही येऊ शकतो. वीस युनिटची ऑर्डर आहे, हातात १०० क्षमतेचे इन्सुलिन आहे आणि नव्या सिस्टरने ते लाल टोपणाच्या, म्हणजे ४० क्षमतेच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर त्यात प्रत्यक्षात पन्नास युनिट येतात. उलट ४० क्षमतेचे इन्सुलिन केशरी टोपणाच्या, म्हणजे १०० क्षमतेच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत घेतले, तर रुग्णाला आठच युनिट मिळतात. अशा वेळी तिच्या मनगटाला हलकेच हात लावून ‘‘सिस्टर, थांबा, हा डोस आपण दोघी मिळून तपासू या’’ एवढेच शांत आवाजात म्हणावे. रुग्णाला ती नेहमीची दुहेरी तपासणी वाटते, आणि खरे तर ती तशी असतेच. सिरिंज आणि व्हायल (औषधाची छोटी बाटली) घेऊन दोघींनी बाजूला जावे, टोपणाचा रंग आणि व्हायलवरचा आकडा तिच्याकडूनच वाचून घ्यावा, हिशेब तिलाच करू द्यावा. पन्नास हा आकडा तिच्या स्वतःच्या तोंडून आला की वेगळे रागावण्याची गरज उरत नाही. एरवी वॉर्डात तिला ‘अगं’ म्हणत असलो, तरी रुग्णासमोर ‘सिस्टर’ किंवा ‘ब्रदर’ अशीच हाक मारावी, असा माझा आग्रह आहे.

कृतीऐवजी स्वभावावर बोट ठेवणे

‘निष्काळजी’, ‘आळशी’, ‘लक्षच नसते तुझे’ हे शब्द ऐकल्यावर माणूस स्वतःच्या स्वभावाचा बचाव करू लागतो आणि मूळ काम बाजूला पडते. जे पाहिले तेवढेच सांगावे: ‘‘सात नंबरच्या रुग्णाची सुई तू वापरल्यानंतर पुन्हा टोपणात घातलीस. ती सरळ पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी, कारण टोपण लावतानाच बोटाला टोचते.’’ यात काय पाहिले, काय अपेक्षित आहे आणि का, हे तिन्ही आले. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द तर गाळूनच टाकावेत. ‘‘तू कधीच हात धूत नाहीस’’ म्हटले की हात धुतल्याची एक वेळ तिला हमखास आठवते आणि पुढची दहा मिनिटे त्याच एका वेळेवर वाद चालतो.

चुकीची वेळ आणि साठवलेला हिशेब

बारा तासांची रात्रपाळी उरकून, बसची वेळ सांभाळत ओव्हर देणाऱ्या, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्णांची माहिती सोपवणाऱ्या मुलीला रात्रीच्या त्रुटींची यादी ऐकवू नये. तातडीचे असेल तेवढे सांगावे, बाकीचे तिच्या पुढच्या पाळीत. याच्या उलट टोक म्हणजे महिनाभर मनात ठेवून एके दिवशी सगळे एकदम काढणे. त्यातले निम्मे तिला आठवतही नसते, आणि आपल्यावर पाळत होती एवढेच तिच्या मनात राहते. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता टाकलेला टोमणाही कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळते, म्हणून तो नाव घेण्याइतकाच जिव्हारी लागतो.

शिक्षण, गाव आणि भाषा मध्ये आणणे

‘‘बीएस्सी करून आलात आणि साधे कॅन्युला लावता येत नाही’’ किंवा ‘‘जीएनएमवाल्यांना (म्हणजे परिचर्येची पदविका घेतलेल्यांना) एवढेच येते’’ ही वाक्ये मी अनेक ड्युटी रूममध्ये ऐकली आहेत. कौशल्याची उणीव अशाने भरून निघत नाही, उलट वॉर्डात दोन तट पडतात. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळ किंवा ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या मुली मराठी अडखळत बोलतात. त्यांच्यापैकी एखादी प्रश्न न विचारता मान डोलावते, तेव्हा तिला समजले आहे असे गृहीत धरू नये. तिला कळेल त्या भाषेत सावकाश सांगावे आणि तिच्या शब्दांत परत म्हणून घ्यावे.

दुसऱ्या रुग्णालयात काही वर्षे काढून आलेल्या सहकाऱ्याचे ‘‘आमच्याकडे असे नव्हते’’ हे पालुपदही बचावच असते. तिथे ‘‘मग तिथेच राहायचे होतेस’’ असे म्हणू नये. ‘‘तुमच्याकडे कसे करत होते, ते दाखव’’ म्हणावे. कधी ती पद्धत खरोखर चांगली निघते, कधी आपली पद्धत वेगळी का आहे हे तिला करता करता उमगते.

गोड शब्दांत मुद्दा बुडवणे

दुखावण्याच्या भीतीने काही ज्येष्ठ सिस्टर आधी कौतुक, मध्ये पुटपुटलेली चूक आणि शेवटी पुन्हा कौतुक करतात. ऐकणारीला फक्त कौतुक ऐकू येते. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटे ती रुग्णाजवळ थांबली नसेल, तर हे स्पष्ट शब्दांतच सांगावे लागते. कौतुक जरूर करावे, पण ते ज्या दिवशी कमावले असेल त्या दिवशी.

एवढे करूनही अडले तर

ती रडू लागली, तर बोलणे थांबवावे, पाणी द्यावे आणि ‘‘आपण अर्ध्या तासाने बोलू’’ म्हणून खरोखर अर्ध्या तासाने बोलावे. तिचे अश्रू पाहून विषयच सोडून दिला, तर तीच चूक पुढच्या पाळीत पुन्हा दिसते. ती वाद घालू लागली, तर वॉर्डात लिहून ठेवलेली कार्यपद्धती दोघींनी उघडून वाचावी, म्हणजे प्रश्न तिचे खरे की माझे खरे असा उरत नाही. ती लगेच ‘‘ठीक आहे मॅडम’’ म्हणून मोकळी झाली, तर मला अधिक काळजी वाटते, आणि तेव्हा मी तिला तेच काम माझ्यासमोर एकदा करून दाखवायला सांगते. एकच चूक तिसऱ्यांदा झाली किंवा नोंद खोटी असल्याचे आढळले, तर तारीख-वेळेसह लिहून परिसेविकेकडे (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरकडे) आणि गरज पडल्यास अधिसेविकेकडे (मेट्रनकडे) न्यावे. मात्र आपण तसे करणार आहोत हे त्या परिचारिकेला आधी स्वतः सांगावे.

त्या चार्टचे प्रकरण मी वर नेले नाही, कारण त्यात माझाही वाटा होता. मी तिला बाजूला घेऊन सांगितले, की मी नातेवाइकांसमोर बोलले ते चुकले, आणि अंदाजाने लिहिलेल्या आकड्यामुळे त्या रुग्णाला कोणता धोका होता. मग मोजपात्र घेऊन आम्ही दोघींनी पिशवी मोजली, चुकीची नोंद एका रेघेने खोडून खरा आकडा व सही केली आणि डॉक्टरांना कळवले. साधारण दोन आठवड्यांनी दुपारच्या सिस्टरला ओव्हर देताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘बारा नंबरच्या रुग्णाचे दहा वाजताचे माप घ्यायचे माझ्याकडून राहिले आहे, मी तो रकाना कोरा ठेवला आहे.’’