थंडीतली छाटणी: आधी डोळे बघा, मग सिकेटर

पानं गळून झाड उघडं पडलं की त्याचा सांगाडा नीट दिसतो आणि हात शिवशिवू लागतात. पानझडी झाडांच्या छाटणीला हा काळ चांगलाच आहे. वाढ थांबलेली असते, अन्नसाठा खोडा-मुळांत उतरलेला असतो, म्हणून थंडी सरताच फूट जोमाने येते. तरी सरसकट सगळ्यांवर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवू नका.

आधी बघा, फूल जुन्या काडीवर येतं की नव्या फुटीवर. वारंवार फुलणारा गुलाब नव्या फुटीवर फुलतो, त्याला ऐन थंडी ओसरताना छाटा. लायलॅक, फोर्सिथिया, मोठ्या पानांचा हायड्रेंजिया यांच्या कळ्या मागच्या हंगामातच काडीत बसलेल्या असतात. त्यांना आता छाटलंत तर झुडूप हिरवंगार होईल, फूल मात्र दिसणार नाही. त्यांची छाटणी बहर संपल्यावर. ‘यंदा फुललंच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा खतापेक्षा हीच घाई असते.

जास्वंद, बोगनवेल यांना कडाक्याची थंडी सोसत नाही. जळकी दिसली तरी वरची पानं-काड्या राहू द्या, खालच्या डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या कोंबांना, तेवढाच आडोसा. चेरी, आलुबुखार हिवाळ्यात छाटल्यास जखमेतून बुरशी शिरण्याचा धोका असतो, त्यांना कोरड्या उन्हाळ्यात हात लावा. द्राक्षवेल आणि अक्रोड उशिरा छाटले तर कापातून रस गळत राहतो.

सुरुवात मेलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपासून करा. कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे आणि सरळसोट वर जाणारे पाणसोट काढा. एका हंगामात चौथ्या हिश्श्याहून जास्त घेर काढू नका, नाहीतर झाड पाणसोटांनीच उत्तर देतं. गुलाबासारखी झुडपं याला अपवाद, ती खोल छाटणी सोसतात. काडी बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, तिरकी कापा. उतार डोळ्याच्या उलट बाजूला ठेवा, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही.

जाड फांदी मात्र एका कापात पाडू नका. ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलत नेते. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कापा, मग थोडं टोकाकडे सरकून वरून पूर्ण. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाच्या फुगवट्याला धरून काढा. फुगवटा कापायचा नाही, झाड जखम तिथूनच भरून काढतं. लांब खुंटही ठेवू नका, तो कुजतो. जखमेवर रंग किंवा डांबर नको, आत ओल कोंडते.

पातं धारदार असू द्या. बोथट सिकेटर काडी चेचतं. रोगट झाडावरून दुसऱ्याकडे जाताना ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. फांद्या गोठलेल्या असतील किंवा पाऊस असेल तर काम पुढे ढकला. रोगट काड्या खतखड्ड्यात न टाकता बागेबाहेर काढा.