साक्ष द्यायची आहे, पण सुरुवात कुठून करू?

उपासनेत उभं राहून, येशूमुळे आपल्या आयुष्यात काय घडलं याची खणखणीत साक्ष देणारा माणूस आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ‘तू हे सगळं खरंच मानतोस का रे?’ असं विचारल्यावर चाचरणारा माणूस बरेचदा एकच असतो. मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या आपल्या लोकांत, ऐकणाऱ्यांना निम्मं आधीच ठाऊक असतं, राहिलेलं ते ‘आमेन’ म्हणून भरून काढतात. बाहेरच्याला यातलं काहीच ठाऊक नसतं, शिवाय तो किती वेळ थांबेल याचाही भरवसा नसतो. तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या, असं येशूचा शिष्य पेत्र लिहितो (१ पेत्र ३:१५). विश्वासामुळे त्रास सोसणाऱ्या लोकांना त्याने हे लिहिलं होतं. तरीही सौम्यतेची अट त्याने सोडलेली नाही.

ही सिद्धता म्हणजे भाषण पाठ करणं नाही. त्यातला मोठा भाग काटछाटीचाच आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

साक्ष म्हणजे माझ्या आयुष्यात काय घडलं. सुवार्ता म्हणजे ख्रिस्ताने काय केलं. या दोन्हींची सरमिसळ फार होते. ‘मी निराश होतो, प्रार्थना केली, आता मन शांत आहे’ एवढं सांगून आपण सुवार्ता सांगितली असं वाटतं. पण ऐकणारा म्हणू शकतो, ‘छान! मला तीच शांती ध्यानधारणेतून मिळते.’ त्याचं काही चुकत नाही, कारण वधस्तंभ आणि पुनरुत्थान तुमच्या बोलण्यात आलेच नव्हते.

म्हणून तयारीची सुरुवात सुवार्तेपासून करा. १ करिंथ १५ची पहिली आठ वचनं समोर घ्या. हे पत्र साधारण इ.स. ५५च्या सुमाराचं, आणि आपल्यालाही जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं, असं प्रेषित पौल त्यात म्हणतो. ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि लोकांना दिसला. कोणाला दिसला तेही तो सांगतो: केफाला (म्हणजे पेत्राला), बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे वाचणाऱ्याला जाऊन विचारण्याची सोय होती. सुवार्ता घडलेल्या घटनेवर उभी आहे, हे या एका वाक्यावरून समोरच्याला नीट दाखवता येतं.

याला जोडून चार संदर्भ पक्के करा: सर्वांनी पाप केलं आहे (रोम ३:२३), आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला (५:८), तारण कृपेने मिळतं, कर्मांनी नाही (इफिस २:८-९), आणि तोंडाने कबूल करणं व अंतःकरणात विश्वास ठेवणं (रोम १०:९). वचनं पाठ असली तर उत्तमच, पण ती एकामागून एक म्हणून दाखवू नका. त्यांतला आशय स्वतःच्या शब्दांत, दोन मिनिटांत, बारा वर्षांच्या मुलाला कळेल असा सांगता येतो का ते पाहा. नाही आला, तर अडचण बहुधा बोलण्याच्या कलेत नसते. एखादा मुद्दा आपल्यालाच नीट समजलेला नसतो. तो कोणता ते शोधा आणि पाळकांना विचारा.

साक्ष लिहून काढा

बोलून सराव करण्याआधी कागदावर लिहा. नमुना हवा असेल तर प्रेषितांची कृत्ये २६ काढा. पौल राजा अग्रिप्पापुढे उभा आहे. आधीचं आयुष्य, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूशी झालेली भेट आणि त्यानंतर काय झालं, असा त्याच्या बोलण्याचा क्रम आहे. सगळं सावकाश वाचलं तरी काही मिनिटांत संपतं. हीच हकिकत तो बाविसाव्या अध्यायात यरुशलेमेतल्या संतप्त जमावाला सांगतो, तेव्हा तपशील वेगळे निवडतो: गमलिएलाच्या पायांशी झालेलं शिक्षण, नियमशास्त्र पाळणारा हनन्या. अग्रिप्पापुढे हनन्याचं नावही येत नाही. अनुभव एकच, पण समोर कोण आहे ते पाहून काय सांगायचं ते ठरलं. आपल्यालाही ते करावं लागतं.

आता एक काल्पनिक नमुना पाहू. पहिल्या खर्ड्यात लोक साधारण असं लिहितात:

‘मी पूर्वी जगिक जीवन जगत होतो. पापाच्या अंधारात होतो. मग प्रभूने मला स्पर्श केला, आपल्या मौल्यवान रक्ताने मला धुतलं आणि आज मी एक आशीर्वादित जीवन जगत आहे.’

यात खोटं काही नाही. पण हा माणूस कोण, त्याचं काय बिघडलं होतं, येशू त्याला कुठे भेटला, काहीच कळत नाही. हे कोणाच्याही नावावर खपेल. आणि ‘रक्ताने धुतलं’ हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय येईल, याचा विचार करून पाहा. आता तोच माणूस, दुसरा खर्डा:

‘माझा राग घरात सगळ्यांना माहीत होता. मी आत आलो की मुलं टीव्ही बंद करून दुसऱ्या खोलीत जायची. चूक नेहमी समोरच्याचीच, असं मी धरून चाललो होतो. एका मित्राने लूककृत शुभवर्तमान वाचायला दिलं. पंधराव्या अध्यायात दोन मुलांची गोष्ट आहे. धाकटा पैसे उधळून परत येतो, बाप त्याला जवळ घेतो. मी मात्र थोरल्यापाशी अडकलो. कष्टाळू, घर न सोडलेला, आणि रागाने दाराबाहेर उभा. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. तो थोरला मीच होतो. मला क्षमेची गरज आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. येशू वधस्तंभावर मेला तो माझ्या या पापासाठीही, हे मी मान्य केलं आणि देवाकडे क्षमा मागितली. राग अजून येतो. पण आता मी मुलांची माफी मागतो. आधी कधीच मागितली नव्हती.’

इथे पाप म्हणजे काय ते मुलांनी टीव्ही बंद करण्यातून कळतं. ‘राग अजून येतो’ हे वाक्य गाळण्याचा मोह होईल. गाळू नका. त्याच वाक्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसतो. आणि मधलं वधस्तंभाचं वाक्य काढून पाहिलंत, तर उरते ती फक्त स्वभाव सुधारल्याची गोष्ट.

लिहिताना ‘आधी’चा भाग फुगतो, हे जवळजवळ ठरलेलं. दारू, मारामारी, कर्ज यांची वर्णनं रंगतात आणि येशू शेवटच्या दोन ओळींत येतो. खर्डा झाल्यावर प्रत्येक भागाच्या ओळी मोजा आणि पहिला भाग निर्दयपणे कापा.

‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’

ख्रिस्ती घरात वाढलेल्यांची ही नेहमीची तक्रार. रविवारची शाळा, दृढीकरण, गायनवृंद. नाट्यमय असं काही घडलेलंच नाही. अशांनी प्रेषितांची कृत्ये १६ वाचावं. फिलिप्पै शहरात तुरुंगाच्या अधिकाऱ्याला विश्वास ठेवायला भूकंप लागला. त्याच अध्यायात जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया नदीकाठी बसून ऐकत होती आणि प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं, बस्स. भूकंपवाल्याचं तारण लुदियाच्या तारणापेक्षा मोठं, असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. तीमथ्याचा विश्वास तर आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापासून चालत आलेला (२ तीमथ्य १:५).

तुमची परिस्थिती अशी असेल तर तारीख शोधत बसू नका. आईवडिलांचा विश्वास तुमचा स्वतःचा कधी झाला, किंवा सोडून द्यावासा वाटूनही का सोडला नाही, हे लिहा. शंकेचा काळ असेल तर तोही लिहा. रंगवू मात्र नका. घडलं त्यापेक्षा थोडं जास्त सांगितलं तर परिणाम होईल, हा विचार मनात आला की तिथेच थांबा.

काय सांगू नये

दुसऱ्याची गुपितं. नवऱ्याचं व्यसन, बहिणीचा घटस्फोट, मुलाचं आजारपण ही त्यांची हकिकत आहे. त्यांची परवानगी नसेल तर ती तुमच्या साक्षीत येत नाही.

दुसऱ्या धर्माची किंवा पंथाची निंदा. अथेनैत (अथेन्समध्ये) मूर्ती पाहून पौलाच्या मनाचा संताप झाला होता, तरी तो बोलू लागला तेव्हा सुरुवात त्याने त्यांच्याच ‘अज्ञात देवा’च्या वेदीपासून केली.

आणि आश्वासनं. ‘येशूकडे ये, नोकरी लागेल, आजार जाईल’ असं कोणालाही सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तुम्ही बरे झाला असाल तर तेवढंच सांगा, औषधोपचार घेतले असतील तर तेही सांगा. पौलाच्या शरीरातला काटा त्याने तीनदा विनंती करूनही काढला गेला नाही. मदतीच्या बदल्यात विश्वास, हाताखालच्या माणसावर दबाव, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला गाठून बोलणं, यातलं काहीही साक्ष नव्हे. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्याशी त्याने स्वतः विचारल्याशिवाय हा विषय काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सराव आणि प्रश्न

मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. त्रासदायक प्रकार आहे, पण उपयोगी. मग मंडळीबाहेरच्या एखाद्या जवळच्या माणसाला सांगून पाहा आणि त्याला एकच विचारा: कुठला शब्द कळला नाही? तारण, अभिषेक, सहभागिता, देह, नवा जन्म यांपैकी दोन-तीन तरी निघतीलच. मूळ शब्द टाकायचेच असतात असं नाही, पण वापरला की लगेच अर्थ सांगायचा.

ठरावीक प्रश्न येतातच: जगात इतकं दुःख का, इतर धर्मांतल्या सज्जनांचं काय, चर्चमधलेच लोक असे का वागतात. या तिन्हींवर आधी विचार करून ठेवा. तिसऱ्या प्रश्नावर चर्चचा बचाव करू नका. बहुतेक वेळा विचारणाऱ्याला कोणीतरी खरोखर दुखावलेलं असतं, ते आधी ऐकून घ्या. बाकी जे येत नाही त्याला ‘मला माहीत नाही’ म्हणायला हरकत नाही. योहान ९मधल्या आंधळ्याने परूशी या कर्मठ यहुदी गटाच्या उलटतपासणीत तेच केलं. येशू पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढ्यावर तो अडून राहिला.

प्रत्यक्ष बोलताना

कोणाशी बोलायचं? मार्क ५मध्ये भूतग्रस्तीतून सुटलेला माणूस येशूबरोबर येऊ मागतो, तेव्हा येशू त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. सगळ्यांत अवघड जागा हीच, कारण घरच्यांनी आपल्याला आतून-बाहेरून पाहिलेलं असतं. घरात आधी वागणूक दिसू द्या, बोलणं मागाहून. दोन-तीन नावं वहीत लिहा आणि त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करा. आपल्याला स्पष्ट बोलता यावं म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती खुद्द पौलाने कलस्सैकरांना केली होती (कलस्सै ४:३-४). तेव्हा आपणही मंडळीतल्या एकाला ती करावी.

बोलणं प्रश्नाने सुरू झालेलं बरं. प्रेषितांची कृत्ये ८मध्ये सुवार्ता सांगत फिरणाऱ्या फिलिप्पाने रथातल्या इथियोपियन अधिकाऱ्याला आधी विचारलं, वाचताय ते समजतंय का? अधिकारी म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार, आणि त्याने स्वतःच फिलिप्पाला वर बसवून घेतलं. तेव्हा आधी समोरच्याचं पूर्ण ऐका आणि मग ‘माझं काय झालं ते सांगू का?’ असं विचारा. ‘नको’ म्हणाला तर विषय बदला, मैत्री ठेवा.

बोलून झाल्यावर काय होईल हे तुमच्या हातात नाही. अथेनैत पौलाचं ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा केव्हातरी ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला. थट्टा झाली तर वाद घालू नका. ‘पुन्हा ऐकू’ म्हणणाऱ्याला मार्ककृत शुभवर्तमान द्या. चारांत सर्वांत लहान तेच, सोळा अध्याय. बरोबर बसून वाचायची तयारी दाखवा आणि त्याने विचारलेला प्रश्न लिहून ठेवून उत्तर घेऊन परत जा. योहान ४मध्ये शोमरोनी गावकरी आधी विहिरीवर येशूला भेटलेल्या बाईच्या सांगण्यावरून आले, पण पुढे तिला म्हणाले, आता आम्ही स्वतः ऐकलं आहे. तुमच्या गोष्टीवरून त्याने शुभवर्तमानाकडे जायला हवं. तो सारखी तुमचीच गोष्ट विचारत राहिला तर पान उघडून पुढे ठेवा.

आणि कोणी म्हणालाच की मला विश्वास ठेवायचा आहे, तर घाई तुम्ही करू नका. त्याला काय समजलं ते त्याच्या तोंडून ऐका, राहिलेलं समजावून सांगा. प्रार्थना त्याला त्याच्याच शब्दांत करू द्या, तुम्ही मोठ्याने वाक्यं सांगून मागून म्हणायला लावू नका. मग त्याला मंडळीत घेऊन जा, पाळकांशी ओळख करून द्या. बाप्तिस्मा कधी आणि कसा, हे शिक्षण झाल्यावर ते दोघं ठरवतील. पुढच्या रविवारी मात्र त्याच्या शेजारी तुम्ही बसा, कारण गीताचं पुस्तक कुठल्या पानावर उघडायचं हेही त्याला ठाऊक नसेल.