‘आता येत नाही’ म्हटल्यावर होणाऱ्या चुका: जुन्या गाडीचं सस्पेन्शन

चतुर्थी आठ दिवसांवर आली आणि माझ्या मारुती एस्टीमच्या पुढच्या डाव्या चाकात खडखड सुरू झाली. मूळ घर गोव्यातल्या सत्तरीत, रस्ता पावसाने उखडलेला, वर पाच माणसं आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान. म्हापसा, डिचोली, फोंडा, तिन्हीकडे एकच उत्तर: ‘शॉकअप (धक्के जिरवणारा शॉक अॅब्सॉर्बर) आता येत नाही.’ एस्टीम बंद झाली 2007 साली, त्यामुळे दुकानदाराचंही चूक नव्हतं. शेवटी एकाने ‘बसतो ओ’ म्हणून दिलेली जोडी घातली. गाडीचं नाक बोटभर वर आलं. शेजारचे काका म्हणाले, ‘खाली जॅक विसरलास काय रे?’ आणि खडखड होती तशीच!

दोष शॉकअपचा नव्हताच, स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग मिळून झालेल्या खांबाच्या) डोक्यावरच्या रबरी माउंटचा होता. दुर्मिळ पार्ट शोधायला निघण्याआधी तोच गेलाय का, हे बघा. एकाने उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवावं, दुसऱ्याने बोनेट उघडून माउंटवर तळहात ठेवावा. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा टक् धक्का लागला तर माउंट किंवा त्याचं बेअरिंग. लोअर आर्मच्या, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशपाशी (त्याच्या सांध्यातल्या रबरी नळीपाशी) पहार घालून हलवा, बॉल जॉइंटसाठी (दांड्याच्या चाकाकडच्या गोल सांध्यासाठी) चाक उचलून टायरखालून पहार द्या. शॉकअपवर तेल ओघळलेलं असेल तर संशय तिकडे न्या.

दुसरी चूक म्हणजे गाडीच्या नावाने पार्ट मागणं. काउंटरवरचा माणूस नाव ऐकून मान हलवतो, नंबर दिला तर निदान शोधतो. कंपनी जुना पार्ट नंबर बंद करून तोच पार्ट नव्या नंबराने चालू ठेवते, असंही होतं, म्हणून ‘याच्या जागी कुठला नंबर आला?’ हे आवर्जून विचारा. भावंडंही लक्षात ठेवा. एस्टीम म्हणजे बाहेरच्या देशांतली सुझुकी कल्टस, शेव्हरोलेची स्पार्क म्हणजे मॅटिझचीच पुढची पिढी, फियाटच्या लिनिया आणि पुंटोचा सांगाडा एकाच घरचा. पण भावंडांचे कपडे अंगाला बसतीलच असं नाही, म्हणून मोजमाप.

व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाची पट्टी, घ्या. बुशचे तीन आकडे लागतात: बाहेरचा व्यास, आतल्या नळीचं भोक, नळीची लांबी. स्ट्रटचे जास्त: पूर्ण ताणलेली आणि पूर्ण दाबलेली लांबी, वरच्या टोकाचे आटे, नकलच्या (चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) दोन बोल्टांमधलं अंतर आणि स्प्रिंगची बैठक किती उंचीवर आहे ते. माझं नाक वर आलं ते या शेवटच्या मापामुळे. बोल्ट बसले म्हणून आम्ही खूश झालो, बैठकीकडे कोणी पाहिलंच नाही. माउंट मिळाला तो जुना पिशवीत घालून नेला तेव्हा. दुकानदाराने गाडीचं नावसुद्धा विचारलं नाही, उलटा करून भोकं मोजली आणि कपाटातला दुसऱ्याच मॉडेलचा काढून दिला.

बॉल जॉइंटच्या बाबतीत मात्र ‘चालतंय’ चालत नाही. त्याच्या पिनचा निमुळतेपणा नकलच्या भोकाशी तंतोतंत जुळायला हवा. नुसता कडेवर टेकलेला जॉइंट धावत्या गाडीत सुटू शकतो. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

वर्षानुवर्षं पडून असलेला ‘ओरिजिनल’ दिसला की हुरळू नका. आपल्या दमट हवेत खोक्यातही शॉकअपची दांडी गंजते, आणि गंजाचे ते बारीक खड्डे सील कापतात. रबरावर नख दाबा, तडे दिसले तर परत ठेवा. कुर्ल्याच्या किंवा इथल्या भंगारातून आर्म घेतलात तर चालेल, पण वेल्डिंगच्या कडा वायर ब्रशने घासून चीर बघा. किनाऱ्यावरच्या गाडीचा असेल तर दोनदा बघा. शॉकअप भंगारातून घेऊ नका, बस्स.

सगळं मिळालं तरी बसवताना एक घोटाळा ठरलेला. गाडी जॅकवर लटकत असतानाच मेकॅनिक आर्मचे बोल्ट कसतो. मग चाकं टेकली की बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हातानेच लावून घ्या, गाडी खाली उतरवा, दोनदा दाबून हलवा, मग कसा. अलाइनमेंट त्यानंतर.