घरातल्या घरात एकांताचा कोपरा

देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकाराम महाराज एकांतासाठी जात. दोन खोल्यांच्या घरात राहून रोज लोकलने कामावर जाणाऱ्याला डोंगर गाठता येत नसला, तरी खिडकीजवळची सतरंजीभर जागा नक्की राखता येते. प्रथम वेळ ठरवावी. सकाळी नळाला पाणी येण्याआधीची 20 मिनिटे मला सर्वांत चांगली वाटतात, कारण तेव्हा दूधवाल्याची बेल वाजलेली नसते आणि कुणालाही आपल्याकडून काही नको असते. ही वेळ घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि त्यांनाही अशीच सवड मिळावी म्हणून त्यांच्या वाटची कामे आपण मनापासून उचलावीत. घरातल्या बाईला ती बहुधा कुणी आपणहून देत नाही, याचे मला फार वाईट वाटते. मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवावा, उशाशी नव्हे. मग भिंतीला पाठ टेकून स्वस्थ बसावे, समोरच्या कडुनिंबावर उजेड कसा उतरत जातो ते पाहावे, आणि मनात घोळणारी एखादी गोष्ट वहीत दोन ओळींत लिहावी. काही सुचले नाही, तर पान कोरे ठेवून तसेच बसून राहावे.